जेवणाचं बिल कोणाच्या नावावर?

पत्र असं आहे:

'मी नाशिकमध्ये सात वर्षं प्रॅक्टिस करणारी फिजिशियन. आमचा साठेक डॉक्टरांचा अभ्यास गट आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या शुक्रवारी गंगापूर रोडवरच्या एका हॉटेलात तासाभराचं व्याख्यान आणि मग जेवण. हॉल, जेवण, बॅनर सगळं औषध कंपनीचं. दर महिन्याला कंपनी बदलते. पस्तीसेक जण येतात. यंदा मला सचिव केलं आणि पहिल्याच महिन्यात एका कंपनीचा प्रस्ताव आला. आमची वार्षिक सीएमई, म्हणजे डॉक्टरांच्या निरंतर शिक्षणाचा कार्यक्रम, त्यांनी इगतपुरीजवळच्या रिसॉर्टवर ठेवायची, शनिवार-रविवार, सहकुटुंब. जोडप्यामागे अठरा हजारांचं बजेट आहे म्हणाले. पत्रिका सोबत जोडतेय. मी शंका काढली तर आमचे अध्यक्ष, जे कॉलेजात माझे सर होते, म्हणाले, "अगं, तो नियम स्थगित झालाय. आणि आपण काय एका जेवणाने विकले जाणार आहोत?" घरी मिस्टर म्हणतात, सगळे जातात, तूच कशाला वाईट होतेस. त्यात कंपनीचा एमआर, म्हणजे डॉक्टरांकडे येणारा प्रतिनिधी, आमच्या पिंपळगावचा, माझ्या भावाच्या वर्गातला. "ताई, एवढं जमवून द्या, माझं कन्फर्मेशन अडकलंय" म्हणतो. मी काय करू? – एक नवी सचिव, नाशिक'

डॉक्टर,

पत्रिका जोडलीत ते फार बरं केलंत. पत्राच्या आधी मी तीच वाचली. शनिवारी दुपारी चारला आगमन आणि 'हाय टी'. सहा ते सात 'वैज्ञानिक सत्र', विषय रक्तदाबाची नवी कॉम्बिनेशन गोळी. साडेसातपासून 'संगीत संध्या व कॉकटेल्स'. रविवारी सकाळी नाश्ता, 'निसर्गभ्रमंती', मुलांचे खेळ, दोन वाजता जेवून प्रस्थान. एकूण बावीस तास झाले आणि त्यात शिकायचा एक. झोपेचे आठ वजा केले तरी हिशेब काही सुधारत नाही. शिवाय तो एक तास ज्या गोळीवर आहे ती कोणाची, हे बॅनर न बघताही कळतं.

आता तुमच्या सरांचं पहिलं वाक्य घेऊ. ते अर्धं खरं आहे, म्हणूनच ते शहरातल्या प्रत्येक डॉक्टरांच्या कट्ट्यावर खपतं. झालं असं होतं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २ ऑगस्ट २०२३ ला डॉक्टरांच्या आचरणाचे नवे विनियम काढले. ते फारच कडक होते. कंपनीचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष पैसा लागलेल्या सेमिनारला, परिषदेला डॉक्टरांनी जायचंच नाही, असं त्यात होतं. जेनेरिक औषधांच्या मुद्द्यावरून मोठा गदारोळ झाला आणि तीनच आठवड्यांत, २३ ऑगस्टला, ते विनियम स्थगित झाले. सर म्हणतात ती स्थगिती हीच. पण नवे थांबले तेव्हा जुने परत लागू झाले, हे वाक्य पुढे कोणी बोलत नाही. जुने म्हणजे भारतीय वैद्यक परिषदेचे २००२ चे विनियम, आणि त्यांत डिसेंबर २००९ मध्ये घातलेलं ६.८ हे कलम. औषध कंपन्यांशी डॉक्टरांनी कसं वागायचं ते तिथे लिहिलंय आणि आजच्या घडीला तेच चालू आहे.

त्या कलमात भाषा गुळमुळीत नाही. भेटवस्तू नको. प्रतिनिधी म्हणून परिषदेला जायला रेल्वेचं, विमानाचं, जहाजाचं तिकीट नको, देशात नको आणि परदेशातही नको. कोणत्याही सबबीखाली स्वतःसाठी किंवा कुटुंबासाठी हॉटेलातला मुक्काम नको. 'कोणत्याही सबबीखाली' हे शब्द मी घातलेले नाहीत, नियमातच तसे आहेत. तुमच्या पत्रिकेतली 'वार्षिक सीएमई' ही त्या सबबींपैकीच एक.

२०१६ च्या फेब्रुवारीत या कलमाला शिक्षेचा तक्ता जोडला गेला. एक हजार ते पाच हजारांपर्यंत घेतलं तर ठपका. पाच ते दहा हजार, नोंदवहीतून तीन महिने नाव बाहेर. दहा ते पन्नास हजार, सहा महिने. पन्नास हजार ते एक लाख, वर्षभर. त्याच्या वर गेलं तर वर्षाहून जास्त. तुमचे अठरा हजार कुठल्या ओळीत बसतात ते तुम्हीच बघा. सहा महिने दवाखान्याला कुलूप लावून बसण्याइतकं ते रिसॉर्ट चांगलं आहे का, हे मिस्टरांना जरूर विचारा.

त्याच दुरुस्तीत आणखी एक गोष्ट झाली, ती तुम्हाला सांगितलीच पाहिजे, कारण कमिटीत कोणीतरी ती काढणारच. मूळ कलम डॉक्टर आणि डॉक्टरांच्या संघटना दोघांना लागू होतं. २०१६ ला 'संघटना' शब्द गळाला. तेव्हापासून 'आपण गट म्हणून घेतो, व्यक्ती म्हणून नाही' असा एक सोयीचा दरवाजा किलकिला राहिला आहे. पण गट खोलीत झोपत नाही. खोलीची किल्ली डॉक्टर अमुक आणि सौ. तमुक यांच्या हातात पडते, आणि नियम त्या हाताला लागू आहे. संस्थेने एक दिवसाच्या परिषदेला हॉलचा खर्च स्टॉलच्या भाड्यातून भागवणं ही वेगळी गोष्ट, तिच्याकडे मी नंतर येतो.

हे झालं घेणाऱ्याचं. देणाऱ्यासाठी वेगळी संहिता आहे. केंद्राच्या औषधनिर्माण विभागाने १२ मार्च २०२४ ला औषधांच्या विपणनाची एकसमान संहिता जारी केली. त्याआधी २०१५ पासून एक ऐच्छिक संहिता होती, ती कपाटातच पडून होती. नव्या संहितेत कंपनीने डॉक्टरांना किंवा त्यांच्या घरच्यांना प्रवास द्यायचा नाही, हॉटेल नाही, रिसॉर्ट नाही, आणि 'महागडी खानपान सेवा' नाही. परदेशात सीएमई तर नाहीच. अपवाद एकच: जो डॉक्टर त्या कार्यक्रमात वक्ता असेल त्याचा प्रवास आणि मुक्काम चालतो.

या अपवादाचं काय होतं ते नाशिककरांना मी नव्याने सांगायला नको. पत्रिका पुन्हा बघा. एका तासाच्या सत्राला एक वक्ता, दोन सत्राध्यक्ष, सहा 'पॅनेलिस्ट', तीन 'मॉडरेटर' आणि आभार मानणारे दोघे. म्हणजे पस्तीसांपैकी चौदा जण 'फॅकल्टी'. माझ्या आठवणीत अशी एक बैठक आहे की जिच्यात व्यासपीठावर खुर्च्या कमी पडल्या आणि समोर रिकाम्या राहिल्या. उद्या एखाद्याने तक्रार केली तर सहा मिनिटांत दोन वाक्यं बोललेला पॅनेलिस्ट वक्ता ठरेल का, हे ठरवणाऱ्या समितीपुढे तुमची सचिव म्हणून सही असलेला कागद असेल.

या संहितेत तुरुंगबिरुंग नाही, त्यामुळे तिला दात नाहीत असं लोक म्हणतात. बरंचसं खरंही आहे. तक्रार कंपन्यांच्याच संघटनेच्या समितीपुढे जाते, तिथून ताकीद किंवा हकालपट्टी होऊ शकते, वर अपील विभागाच्या सचिवांच्या समितीकडे. पण २०२४ च्या डिसेंबरमध्ये एका परदेशी कंपनीच्या भारतीय शाखेने तीस डॉक्टरांना मोनॅको आणि पॅरिसच्या परिषदांना नेल्याचं प्रकरण निकालात निघालं. खर्च दोन कोटींच्या घरात होता. कंपनीला ताकीद मिळाली, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे डॉक्टरांचं प्रकरण वैद्यकीय आयोगाकडे आणि कराचा भाग प्राप्तिकरवाल्यांकडे पाठवायचं ठरलं. 'दिल्ली-मुंबईचे मोठे लोक पॅरिसला जातात, आपण इगतपुरीला गेलो तर काय' असं कोणी म्हणालं तर हे प्रकरण सांगा.

प्राप्तिकराचं निघालंच आहे तर तुमच्या त्या अठरा हजारांबद्दल. २०२२ च्या जुलैपासून प्राप्तिकर कायद्यात १९४आर हे कलम आलं. धंद्यातून कोणाला वर्षाला वीस हजारांहून जास्तीचा लाभ दिला, वस्तूरूपात का असेना, तर देणाऱ्याने त्यावर दहा टक्के कर कापायचा. कापला की तो घेणाऱ्याच्या पॅनवर दिसतो. जोडप्यामागे पंधरा नाही, पंचवीस नाही, नेमके अठरा. वीसच्या आत राहतील एवढेच. योगायोग असेल. मला वाटत नाही. आणि त्याच कंपनीने दिलेली शुक्रवारची जेवणं त्यात धरली तर वीसची रेघ ओलांडली जाते का, ते त्यांच्या अकाउंट्सवाल्याने बघावं.

सर्वोच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०२२ ला या सगळ्याकडे दुसऱ्या बाजूने पाहिलं होतं. एका कंपनीने जीवनसत्त्वाच्या गोळीच्या प्रचारासाठी डॉक्टरांना सोन्याची नाणी, टीव्ही, फ्रीज, आदरातिथ्य असं काय काय दिलं आणि तो खर्च व्यवसायाचा खर्च म्हणून करातून वजा मागितला. न्यायालय म्हणालं, डॉक्टरांनी जे घेणं निषिद्ध आहे ते देण्याचा खर्च वजा करता येणार नाही. आणि असंही म्हणालं की या खैरातीचा खर्च शेवटी औषधाच्या किमतीत चढतो. म्हणजे इगतपुरीचं बिल भरणार कोण, तर सोमवारी तुमच्या बाकावर रांगेत बसलेली माणसं.

आता जेवण. इथे मी तुमच्याशी प्रामाणिक राहतो: साध्या जेवणावर थेट बंदी मला कुठल्याच नियमात दिसत नाही. 'महागडी' म्हणजे किती रुपये, हे आपल्या संहितेने सांगितलेलं नाही. इंग्लंडच्या औषध उद्योगाच्या संहितेत जेवणाला माणशी ७५ पौंडांची कमाल मर्यादा आहे, आणि तीही अपवाद म्हणून. जागा करमणुकीसाठी निवडलेली नसावी आणि पाहुणचार शिक्षणापुढे दुय्यम असावा, असंही तिथे लिहिलंय. अमेरिकेतल्या उद्योगाने २०२२ पासून व्याख्यानाच्या कार्यक्रमात दारूचा खर्च करायचा नाही असं स्वतःवर घालून घेतलं. आपल्याकडे, गंगापूर धरणाच्या काठावर वाइनची चव घ्यायला मुंबईहून माणसं येतात अशा जिल्ह्यात, तसा नियम आला तर किती 'वैज्ञानिक सत्रं' उरतील याचा मला कुतूहल म्हणून विचार येतो. असो. सकाळी दहा ते पाच चालणाऱ्या परिषदेत दुपारी दीडला सगळ्यांसाठी पोळी-भाजी-वरणभात असतो, त्याला मी पाहुणचार म्हणत नाही. शुक्रवारी रात्री साडेआठला व्याख्यान सुरू करून साडेनऊला काउंटर उघडायचे, हा मात्र जेवणाचाच कार्यक्रम आहे. व्याख्यान तोंडी लावायला.

तुमच्या सरांचं दुसरं वाक्य, 'एका जेवणाने विकले जाणार आहोत का', हे मीही पंचवीस वर्षं म्हटलंय. विकलं जात नाही कोणी. त्याहून बारीक काहीतरी होतं, आणि ते आपल्याला दिसत नाही. २०१६ मध्ये अमेरिकेत २,७९,६६९ डॉक्टरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्यापैकी ज्यांना कंपन्यांकडून काही मिळालं होतं, ते बहुतेक वेळा फक्त एखादं जेवण होतं, सरासरी वीस डॉलरच्या आतलं. ज्यांनी ते घेतलं त्यांच्या चिठ्ठ्यांवर जेवण देणाऱ्या कंपनीच्या ब्रँडचं प्रमाण जास्त होतं. जेवणांची संख्या वाढली तसं तेही वाढत गेलं. यावरून जेवणामुळेच असं झालं हे सिद्ध होत नाही, हे अभ्यास करणारेही सांगतात. पण २००१ च्या दुसऱ्या एका पाहणीत शिकाऊ डॉक्टरांना विचारलं होतं की एमआरचा तुमच्यावर परिणाम होतो का. ३९ टक्के हो म्हणाले. इतर डॉक्टरांवर होतो का, तर ८४ टक्के हो म्हणाले. तुमच्या कमिटीत हा प्रश्न हात वर करून विचारा, आकडे फार वेगळे येणार नाहीत.

माझं स्वतःचं सांगतो. नव्वदच्या दशकात, ६.८ नव्हतं तेव्हा, एका कंपनीने आम्हा वीसेक डॉक्टरांना तीन दिवस गोव्याला नेलं होतं. मी त्यांचं अँटिबायोटिक आधीही लिहायचो, अधूनमधून. पंचवटीत माझ्या दवाखान्याच्या खाली केमिस्ट होता. त्याची एक लाल कापडी बांधणीची वही होती, संपलेला माल लिहून ठेवायची; गोळे कॉलनीतून माल आणायला निघाला की ती काखेत. दीड महिन्यानंतर एके संध्याकाळी तो वर आला, वही माझ्यासमोर उघडली आणि बोट ठेवून म्हणाला, 'डॉक्टरसाहेब, हे महिन्याला तीन बॉक्स जायचं. ह्या महिन्यात अकरा गेलं. जास्त मागवून ठेवू का?' बिचाऱ्याने फक्त धंद्याचं विचारलं होतं. मी त्या पानाकडे बघत बसलो. खरं सांगतो, त्या दीड महिन्यात एकदाही माझ्या मनात 'गोवा' आलं नव्हतं. प्रत्येक चिठ्ठीला माझ्याकडे कारण होतं, आणि प्रत्येक कारण वैद्यकीय होतं. दिंडोरीकडची एक बाई, द्राक्षबागेत छाटणीला जाणारी, तिला मी ते औषध दिलं होतं. निम्म्या किमतीतलं दुसरं तिला तेवढंच लागू पडलं असतं, हे मला गोव्याच्या आधी नीट माहीत होतं.

तेव्हापासून मी काही संत झालो नाही. डायऱ्या घेतल्या, पेनं घेतली, शुक्रवारची जेवणंही जेवलो. पण मुक्कामाला परत गेलो नाही.

म्हणून माझा सल्ला असा. रिसॉर्टला नाही म्हणा, आणि त्याच बैठकीत शुक्रवारचं जेवणही बंद करायचा प्रस्ताव ठेवा. नुसतं रिसॉर्ट नाकारलंत तर तुम्ही 'कडक सचिव' म्हणून ओळखल्या जाल, आणि पुढचा सचिव आला की इगतपुरी परत येईल. सवय मोडायची ती दर महिन्याची.

ती मोडायला फार पैसे लागत नाहीत, हेच लोकांना माहीत नसतं. साठ सभासद, वर्षाची वर्गणी पंधराशे. नव्वद हजार झाले. तुमच्या साठांपैकी निदान दहाजण असे असतील की जे एखादा विषय कुठल्याही बाहेरच्या वक्त्यापेक्षा चांगला शिकवतील, पण त्यांना कधी विचारलंच जात नाही, कारण कंपनी वक्ता घेऊन येते. बारातली आठ व्याख्यानं घरच्यांची. चार बाहेरची, मुंबई-पुण्याची. गाडीचं भाडं सात हजार धरलं तर अठ्ठावीस हजार. शाल-श्रीफळ हवं तर करा. राहिलेल्यातून महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या गुणांसाठीची फी भरा, कारण नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत तीस गुण सगळ्यांनाच जमवायचे असतात आणि सभासद यायचं ते एक मुख्य कारण आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. जागा? एखाद्या रुग्णालयाची सेमिनार रूम रविवारी सकाळी रिकामीच असते.

आणि वेळ बदला. दुसऱ्या शुक्रवारच्या रात्रीऐवजी दुसऱ्या रविवारी सकाळी साडेआठ. दहाला संपवायचं आणि सगळ्यांनी मिळून मिसळ खायला जायचं. नाहीतरी रविवारी सकाळी निम्मं नाशिक तिथेच असतं. पैसे ज्याचे त्याने द्यायचे. पहिल्या महिन्यात पस्तीसचे वीस होतील, त्याने खचू नका. जे पंधरा गळतील ते जेवणाला येत होते.

वार्षिक सभा शहरातच, एक दिवसाची ठेवा. कंपन्यांना स्टॉल हवे असतील तर द्या, त्यांचं भाडं घेण्यात मला वावगं दिसत नाही; मात्र दर सगळ्यांना एकच, तो छापील, पैसे गटाच्या बँक खात्यात, पावती फाडून. विषय आणि वक्ता तुम्ही ठरवायचा. वक्त्याने पहिल्या स्लाइडवर सांगायचं की गेल्या वर्षात कोणाकडून काय घेतलं. जमाखर्च नंतर संकेतस्थळावर टाका; कार्यक्रमाला पैसा कुठून आला आणि कुठे गेला हे आयोजकाने तिथे मांडावं, असं २०२४ च्या संहितेतही आहे. गट नोंदणीकृत नसेल, स्वतःचा पॅन नसेल, तर स्टॉलच्या भानगडीत पडण्याआधी ते करून घ्या. सचिवाच्या वैयक्तिक खात्यात एकही चेक येता कामा नये. हे मी दोनदा लिहायला तयार आहे.

सरांशी कसं बोलायचं? व्हॉट्सॲप ग्रुपवर अजिबात नाही. तिथे एकाने अंगठा दाखवला की सगळे अंगठे दाखवतात आणि मग सरांना माघार घेता येत नाही. कमिटीच्या आधी एकट्या जा, त्यांच्या ओपीडीनंतर. ६.८ कलमाचं पान आणि तो शिक्षेचा तक्ता छापून न्या. 'सर, तुम्ही म्हणालात तो स्थगितीचा भाग मी नीट वाचला, आणि मला एक शंका आहे' असं म्हणा. ज्येष्ठ माणसाला चूक दाखवलेली आवडत नाही, शंका विचारलेली आवडते. मी स्वतः ज्येष्ठ असल्याने हे खात्रीने सांगतो. आणि सचिवाबरोबर अध्यक्षाचीही सही पत्रावर असते, याची आठवण त्यांना कागद बघूनच होईल.

कमिटीत तोंडी चर्चेवर सोडू नका. दोन ओळींचा ठराव मांडा, इतिवृत्तात लिहून घ्या.

आता तुमच्या भावाचा तो पिंपळगावचा वर्गमित्र, एमआर. पत्रात तुम्हाला खरं अवघड तेच वाटतंय, असं मला वाचताना वाटलं. नियम मोडायचा दबाव वरून येतो आणि पोचवायला तळचा माणूस असतो. एरिया मॅनेजर त्याला विचारणार, 'तुझ्या ओळखीच्या मॅडम सचिव आहेत ना, मग?' त्याच्यावर चिडू नका, त्याला टाळूही नका. नकार त्याच्या तोंडी देऊ नका, कारण मग तो त्याचं अपयश ठरतो. कंपनीला मेल करा, साधारण अशी:

'आपल्या प्रस्तावाबद्दल आभार. गटाच्या ठरावानुसार सभासदांना व त्यांच्या कुटुंबीयांना कंपनीच्या खर्चाने निवास, प्रवास किंवा मेजवानी स्वीकारता येणार नाही. वार्षिक सभा नाशिक शहरात एक दिवसाची होईल. स्टॉल हवा असल्यास दरपत्रक सोबत जोडले आहे. हा निर्णय संपूर्ण गटाचा आहे. आपल्या प्रतिनिधींनी यासाठी मनापासून प्रयत्न केले, याची नोंद घ्यावी.'

शेवटची ओळ काढू नका. त्याच्या कन्फर्मेशनच्या फाइलला तुमच्याकडून एवढाच कागद लागू शकतो, आणि तो पूर्ण खरा आहे. पुढे त्याला आठवड्यातला एक वार ठरवून द्या, ओपीडी संपल्यावर दहा मिनिटं. औषधाची माहिती त्याने द्यावी, तुम्ही प्रश्न विचारावेत. सॅम्पल आणेल तर एका औषधाची वर्षाला बाराच पाकिटं, एका पाकिटात तीन रुग्णांपुरताच माल, ही मर्यादा त्यालाही माहीत असते. ती पाळली की दोघांनाही बरं. आणलेलं पुस्तक किंवा डायरी हजार रुपयांच्या आतली असेल तर संहितेत बसतं. तुम्ही त्याच्या ताई आहात ते तसंच राहू द्या. त्याच्या घरी लग्नकार्य निघालं तर आहेर घेऊन जा, तिथे कसलीच मर्यादा नाही.

मिस्टरांना इगतपुरीला न्याच. पावसाळ्यात न्या, घाट धुक्यात असतो तेव्हा. खोलीचं बिल तुमच्या नावावर घ्या.

आणि रविवारची पहिली बैठक ठरली की कळवा. मी येईन, मागच्या बाकावर बसेन. माझ्या मिसळीचे पैसे मी देणार आहे. फक्त तर्री वेगळ्या वाटीत मागवा, या वयात पोट ऐकत नाही.